पंधरा तारखेपर्यंत

निरोप आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो:
हा खेळ पंधरा तारखेला लायब्ररीतून जात आहे.
जात आहे. जसा काही तोच निघालाय,
बॅग भरून, स्वारगेटला, रात्रीच्या गाडीनं.
कोणी काढलं, का काढलं, वाक्यात कुठेच नाही.

आज बारा. माझी होडी अजून समुद्रात.
दीपगृहातल्या म्हाताऱ्याला तेल नेऊन द्यायचंय,
सात बेटं झाली, चार राहिलीत,
आणि नवले पुलाखालीच रोज साडेनऊ वाजतात.

महिन्याला जेवढे कापले जातात
तेवढ्यात दोघांची मिसळ होते, ताक धरून.
तेवढ्यात चारशे खेळ. तक्रार कसली करणार?

एका कॅसेटसाठी
मी आणि पराग ढमढेरे सहा महिने वर्गणी काढत होतो:
रद्दी, ओवाळणी, त्याच्या आत्यानं चुकून दोनदा दिलेले वीस.
वर्गणीच. शब्द तोच.
फक्त ती संपायची आणि वस्तू उरायची.

जुना बाजार, बुधवार, शाळेला दांडी.
ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, चष्म्यांच्या काड्या,
मधोमध पिवळी कॅसेट.
विकणारा म्हणाला,
चालली तरी तुमची, नाही चालली तरी तुमची.
मालकीची इतकी नेमकी व्याख्या
पुढे मला वकिलाकडूनही मिळाली नाही.

घरी येऊन फुंकर मारली. लावली. चालली.
आत आधीच कोणीतरी राहत होतं:
तीन रकान्यांतल्या पहिल्यात, बाळू,
लेव्हल सात, बावीस तास.
कोण बाळू? बावीस तास कोणाच्या टीव्हीसमोर बसला,
आणि ऐन सातव्या लेव्हलला विकायची वेळ का आली?
पराग म्हणाला, पुसू या, जागा लागेल.
नाही पुसलं.
खालचे दोन रकाने आम्हा दोघांचे
आणि वर, भाडं न देता, बाळू.

कॅसेट वर्गभर फिरली.
एकदा परत आली ती कोपरा कुत्र्यानं चावलेली.
मग कधीतरी आतला बटणाएवढा सेल संपला
आणि एका सकाळी तिन्ही रकाने कोरे.
मालकी होती. पावती नव्हती, पण मालकी होती.
तरी गेला बाळू.

आता नऱ्ह्यात, तिसऱ्या मजल्यावर,
अकरा महिन्यांचा करार.
कलम नऊ: भिंतीला खिळा मारू नये.
म्हणून कॅलेंडर फ्रिजवर आडवं पडून असतं
आणि तारीख बघायला मान वाकडी करावी लागते.
साठ्येकाकांचा मेसेज: रंगाचे पैसे डिपॉझिटमधून.
त्यांचा स्वभाव वाईट नाही. मागच्या महिन्यात लोणचं दिलं.
बरणी परत द्यायची आहे.

चौदाच्या रात्री पडद्यावर बटण आलं:
सभासदांना वीस टक्के सूट, कायमचा घ्या.
मी बोट ठेवलंही. मग सवयीनं तळाशी गेलो,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
खरेदी म्हणजे वापरण्याचा परवाना, तो मागे घेतला जाऊ शकतो.
म्हणजे इथंही खिळा नाही.

साडेअकरा. चार बेटं होणार नव्हती.
होतं तेवढं तेल घेऊन होडी सरळ दीपगृहाकडे वळवली.
म्हातारा म्हणाला, एवढ्यानं रात्र निघणार नाही.
खेळात त्याला तेवढंच वाक्य दिलं असावं.
तरी त्यानं ओतलं. दिवा लागला.
मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसलो,
उजेड एक फेरी, दोन, पाच.

मग परागला फोन लावला, पिंपळे सौदागरला.
बारा वाजता कोण मेलं, म्हणाला.
कोणी नाही. ती पिवळी कॅसेट आहे का रे?
पलीकडे पंखा ऐकू आला, बराच वेळ.
अरे, तो म्हणाला,
मला वाटलं तुझ्याकडे आहे.